बंद खदानीतलं निळं पाणी: सहलीचा तलाव की जिवाला घोर? जाणून घ्या सगळी माहिती

पावसाळा सरला की चंद्रपूर, राजुरा, भद्रावती, वणी या कोळसा पट्ट्यातल्या जुन्या खदानींमध्ये पाणी तुडुंब भरलेलं दिसतं. वरून पाहिलं तर निळंशार, कुठे हिरवट, एकदम शांत. मग कुणीतरी मोबाइलवर व्हिडीओ टाकतो, खाली "आपल्या गावाजवळचं काश्मीर" असं लिहितो आणि पुढच्या रविवारी पोरं डबा, टॉवेल, गळ घेऊन दुचाकीवर निघतात. काही जण मजा करून परत येतात. काही घरांत मात्र त्या रविवारी रडारड होते. खदानीच्या पाण्यात बुडाल्याच्या बातम्या राज्यात कुठून ना कुठून येतच असतात.

दुसरीकडे, जगात अनेक ठिकाणी बंद खाणींचे तलाव झाले आहेत. तिथे लोक पोहतात, होड्या चालवतात, सायकलने काठाने फिरतात. छत्तीसगडमध्येही असं एक ठिकाण आहे. मग आपल्याकडे का नको, हा प्रश्न रास्तच आहे. त्याचं सरळ उत्तर असं: खड्ड्यात पाणी भरलं म्हणजे तलाव झाला असं नाही. काठ पक्का केला, पाणी तपासलं आणि जबाबदारी कुणाची हे ठरलं, तरच तो तलाव. यातलं एक जरी राहिलं, तर तो पाण्याने भरलेला खड्डाच.

खदानीत पाणी येतं कुठून?

उघड्या खाणीत, म्हणजे ओपन कास्टमध्ये, कोळशावरची माती आणि दगड आधी काढावे लागतात. याला आपल्याकडे सगळे "ओबी" म्हणतात. सुरुवातीची ओबी खाणीबाहेर टाकली जाते, तेच ते रस्त्यावरून दिसणारे मातीचे डोंगर. खाण पुढे सरकते तशी मागची जागा ओबीने भरत जातात. पण कोळसा तर निघून गेलेला असतो आणि पहिली माती बाहेर पडलेली असते. म्हणून शेवटचा खड्डा भरायला माल पुरत नाही आणि तो तसाच उरतो.

खाण चालू असताना पंप रात्रंदिवस पाणी उपसतात. काम बंद झालं, पंप थांबले, की जमिनीतलं पाणी हळूहळू आपल्या जुन्या पातळीवर यायला लागतं. त्यात पावसाचं पाणी मिळतं. काही वर्षांत खड्डा भरतो. या काळात पाण्याची पातळी सतत बदलत असते आणि काठाची माती आतून भिजत असते. म्हणूनच हा काळ सगळ्यात धोक्याचा.

मामा तलाव आणि खदान: फरक काय?

पूर्व विदर्भातल्या माणसाला तलाव नवा नाही. मामा तलाव, बोड्या यांत आपल्याकडच्या पिढ्या पोहायला शिकल्या. पण तलावात एका बाजूला पाळ असते, खोल पाणी पाळीजवळ असतं आणि दुसऱ्या बाजूने जमीन हळूहळू उतरत जाते. त्या बाजूने गुरंढोरं पाण्यात उतरतात आणि परत वर येतात. माणसालाही पाय टेकत टेकत अंदाज घेता येतो.

खदानीत तसं नसतं. खाण पायऱ्या-पायऱ्यांनी खोदलेली असते आणि एकेक पायरी कित्येक मीटर उंच असते. पाणी भरलं की या पायऱ्या बुडतात. काठाजवळ कमरेएवढं पाणी लागतं, माणूस बिनधास्त दोन पावलं पुढे जातो आणि तिसऱ्या पावलाला खाली काहीच नसतं. बोडीत शिकलेला चांगला पोहणाराही इथे फसतो. कारणं पाहा:

• थंड पाणी: खदान खोल असते. वरचं हात-दोन हात पाणी उन्हाने कोमट होतं, खाली मात्र गारठा असतो. उडी मारल्यावर अंगाला एकदम थंडी लागली की श्वास अडकतो, हात-पाय आखडतात.

• वर यायला जागा नाही: काठ उभे, दगड निसरडे. पोहता येऊनही धरायला काही नसेल तर माणूस थकून बुडतो.

• खाली काय आहे ते दिसत नाही: लोखंडी तुकडे, केबल, पाइप, झाडाच्या फांद्या, दगडाचे सुळके पाण्याखाली असू शकतात. वरून सूर मारणाऱ्याला ते कळत नाही.

• काठ खचतो: आपल्या भागात वरचा थर बहुतेक ठिकाणी काळ्या मातीचा. ही माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते आणि भार आला की घसरते. सेल्फीसाठी अगदी टोकाला उभं राहणं म्हणूनच जिवावर बेततं.

• आग आणि वायू: उघड्या पडलेल्या कोळशाला हवा लागून तो आपोआप धुमसू शकतो. धूर, उग्र वास किंवा गरम जमीन जाणवली तर तिथे एक मिनिटही थांबू नये.

• वन्यप्राणी: ओबीच्या जुन्या ढिगांवर वेडी बाभूळ आणि झुडपं माजतात. चंद्रपूरजवळच्या दुर्गापूर-पद्मापूर पट्ट्यात वाघ-बिबट्यांचा वावर सगळ्यांना माहीत आहे. पहाटे आणि संध्याकाळी तर अशा जागी जाऊच नये.

पाणी इतकं निळं का दिसतं?

निळं म्हणजे स्वच्छ, असा आपला समज. पण कधी कधी उलट असतं. कोळशासोबतच्या दगडात गंधक आणि लोखंड असलेलं खनिज असतं. त्याला हवा-पाणी लागलं की आम्ल तयार होतं. पाणी आंबट झालं की त्यात शेवाळ, किडे, मासे फारसे जगत नाहीत, गाळ खाली बसतो आणि पाणी आरशासारखं दिसतं. म्हणजे काही खदानींचं पाणी नितळ असतं ते त्यात जीव राहत नाही म्हणून. सगळ्याच खदानींत असं होत नाही. दगडात चुना असेल तर आम्ल मारलं जातं. त्यामुळे नुसतं बघून काहीही सांगता येत नाही, पाणी तपासावंच लागतं.

दोन उदाहरणं जगभर सांगितली जातात. इंग्लंडमध्ये बक्स्टन गावाजवळ चुनखडीच्या जुन्या खाणीत निळंशार पाणी साठलं होतं. लोक त्याला "ब्लू लगून" म्हणत आणि लेकरांना घेऊन पोहायला जात. त्या पाण्याचा पीएच ११ च्या वर होता, म्हणजे जवळपास अमोनियाच्या द्रावणाइतकं ते दाहक होतं. पाट्या लावूनही लोक ऐकेनात. शेवटी २०१३ मध्ये स्थानिक प्रशासनाने पाण्यात काळा रंग ओतला, म्हणजे ते दिसायलाच नको वाटावं.

दुसरं उदाहरण अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातलं. तिथे ब्यूट शहरातल्या "बर्कली पिट" या तांब्याच्या खाणीतलं पाणी अतिशय आम्लयुक्त आहे. १९९५ मध्ये हिमहंसांचा थवा त्यावर उतरला आणि ३४२ पक्षी मेले. आजही ती खाण लोक लांबून, मचाणावरून बघतात. पाण्यात कुणालाही उतरू देत नाहीत.

आपल्याकडे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने उघड्यावरच्या आंघोळीच्या पाण्यासाठी निकष दिले आहेत. पीएच ६.५ ते ८.५ च्या मध्ये, विरघळलेला ऑक्सिजन लिटरला ५ मिलिग्रॅम किंवा जास्त, बीओडी ३ मिलिग्रॅम किंवा कमी आणि कोलिफॉर्म जंतू १०० मिलिलिटरमध्ये ५०० पेक्षा जास्त नकोत. खदानीच्या पाण्यासाठी याशिवाय लोखंड, मँगनीज, ॲल्युमिनियम असे धातूही तपासायला हवेत.

जिथे खरंच तलाव झाले: जर्मनीची गोष्ट

खाणीचे तलाव सगळ्यात मोठ्या प्रमाणावर कुणी केले असतील तर जर्मनीने. बर्लिन आणि ड्रेस्डेन या शहरांच्या मध्ये लाउझिट्स नावाचा प्रदेश आहे. तिथे शंभराहून अधिक वर्षं लिग्नाइट म्हणजे तपकिरी कोळसा निघाला. या कोळशापायी शंभरावर गावं पूर्ण किंवा अर्धी उठवली गेली. १९९० मध्ये दोन्ही जर्मनी एक झाल्या आणि तिथल्या बहुतेक खाणी काही वर्षांतच बंद पडल्या. हजारो लोकांचं काम गेलं आणि मागे उरले मोठाले खड्डे. आपल्या प्रकल्पग्रस्त गावांना ही गोष्ट ओळखीची वाटेल.

त्या खड्ड्यांसाठी सरकारने वेगळी कंपनीच काढली. तिचं नाव एलएमबीव्ही. केंद्र आणि राज्य सरकारांनी मिळून आजवर १० अब्ज युरोपेक्षा जास्त पैसा या कामावर लावला आहे. आज लाउझिट्समध्ये २० हून अधिक मोठे तलाव झाले आहेत किंवा भरत आहेत.

यातला जुना आणि गाजलेला तलाव म्हणजे झेन्फ्टेनबर्गचा. १९६६ मध्ये तिथला कोळसा काढणं थांबलं. १९६७ ते १९७२ या काळात नदीचं पाणी सोडून खड्डा भरला आणि १९७३ मध्ये पहिला किनारा लोकांसाठी खुला झाला. सुमारे १,३०० हेक्टरांचा हा तलाव. आज तिथे वाळूचे किनारे, तंबूची जागा, होड्यांचा धक्का, काठाने सायकलचा रस्ता असं सगळं आहे. पण तलावाच्या मधल्या बेटावर मात्र कुणालाही पाय ठेवू देत नाहीत. ते बेट खाणीच्या मोकळ्या ढिगाऱ्याचं आहे आणि पक्ष्यांसाठी राखलेलं आहे.

लायपझिग शहराच्या दक्षिणेला कॉस्पुडेन नावाचा तलाव आहे. तोही कोळशाच्या खाणीतलाच. १९९३ पासून भरत भरत २००० मध्ये तो खुला झाला. आता शहरातली माणसं सायकलवर टांग टाकून तिथे पोहायला जातात.

हे कसं केलं? मुख्य कामं चार:

१. काठ दाबून पक्के केले. खाणीतली भराव टाकलेली वाळू भुसभुशीत असते. तिच्यात पाणी शिरलं की छोट्याशा धक्क्यानेही ती चिखलासारखी वाहते. म्हणून लांब नळ्या जमिनीत खुपसून, त्यांना कंप देऊन किंवा छोटे स्फोट करून माती आधी दाबून घेतली. उभे काठ कापून उतरते केले.

२. नदीचं पाणी वळवलं. आपोआप भरायला कित्येक दशकं लागली असती आणि पाणी आंबट झालं असतं. नदीचं पाणी सोडल्याने खड्डे लवकर भरले. मात्र नदीला पाणी कमी असेल तेव्हा हे भरणं थांबवतात.

३. चुना मारला. आंबट पाण्यात होडीतून चुना सोडला जातो. हे एकदा करून संपत नाही, परत परत करावं लागतं.

४. प्रत्येक तलावाला वेगळं काम दिलं. कुठे पोहणं, कुठे शिडाच्या होड्या, कुठे मोटरबोट, तर काही ठिकाणी फक्त पक्षी आणि झाडं, माणसांना बंदी.

एवढं करूनही काय घडलं?

१८ जुलै २००९. जर्मनीतल्याच झाक्सन-आनहाल्ट राज्यातलं नाख्टरश्टेट गाव. तिथे खाणीतला "कॉन्कॉर्डिया" तलाव भरत होता, पर्यटनही सुरू झालं होतं. पहाटे काठाचा मोठा भाग घरांसकट तलावात कोसळला. तीन माणसं गेली. तलाव लगेच बंद झाला. दहा वर्षांनी, २०१९ मध्ये, त्याचा एक भाग लोकांसाठी पुन्हा उघडला.

त्यानंतर ऑक्टोबर २०१० मध्ये लाउझिट्समधल्या श्प्रेटाल भागात जुन्या भरावाची प्रचंड मोठी जमीन अचानक खचली. चरायला आणलेल्या मेंढ्या त्यात गेल्या. पुढे सुरक्षेसाठी हजारो हेक्टर जमीन बंद करण्यात आली. वरून शेत, रान दिसणारी जमीन, पण आत भुसभुशीत.

आपल्याकडचा दगड आणि तिथली वाळू सारखी नाही, हे खरं. वर्धा खोऱ्यातल्या कोळशावर बऱ्याच ठिकाणी वालुकाश्म म्हणजे रेतीचा दगड आहे. पण ओबीचे ढीग आणि भराव हे आपल्याकडेही मोकळेच असतात. एवढा पैसा आणि एवढी यंत्रं असलेल्या देशात काठ खचू शकतो, तर काहीच न केलेल्या खदानीच्या टोकावर गाडी लावून पार्टी करणं म्हणजे काय, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

जवळचं उदाहरण: छत्तीसगडचं केनापारा

सूरजपूर जिल्ह्यात बिश्रामपूर भागात साउथ ईस्टर्न कोलफील्ड्सची जुनी उघडी खाण होती. तिथल्या पाणी भरलेल्या खड्ड्याचं केनापारा पर्यटन स्थळ झालं आहे. बोटिंग आहे, पाण्यावर तरंगतं उपाहारगृह आहे, पिंजऱ्यात मासे वाढवले जातात. गावातल्या बचत गटाच्या महिला आणि मासेमारी करणाऱ्यांना त्यात काम मिळालं. म्हणजे आपल्या देशात, आपल्यासारख्याच कोळसा पट्ट्यात हे होऊ शकतं.

आपल्या भागात वेकोलिने नागपूर जिल्ह्यातल्या सावनेरला इको पार्क केला आणि २०१६ पासून एमटीडीसीसोबत खाण पर्यटनही सुरू केलं. तिथे मुख्य आकर्षण भूमिगत खाण पाहण्याचं आहे. पाणी भरलेल्या खुल्या खदानीवर फिरायला जाणं ही त्याहून वेगळी गोष्ट, हे लक्षात ठेवावं.

नियम काय म्हणतो? विचारायचं कुणाला?

• कोळसा खाण बंद करण्याचा आराखडा: केंद्र सरकारने २००९ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. खाण बंद झाल्यावर जमीन, पाणी, खड्डा यांचं काय करायचं याचा आराखडा आधीच द्यावा लागतो आणि त्यासाठी पैसा वेगळ्या एस्क्रो खात्यात भरावा लागतो. तेव्हाचा दर उघड्या खाणीसाठी हेक्टरी ६ लाख आणि भूमिगत खाणीसाठी हेक्टरी १ लाख रुपये होता. पुढे सूचना सुधारत गेल्या. २००९ पूर्वी बंद पडलेल्या खाणींसाठी २०२२ मध्ये वेगळ्या सूचना आल्या.

• कुंपण: उघड्या खाणीच्या कडेला सुरक्षित कुंपण ठेवणं ही खाण चालवणाऱ्याची जबाबदारी आहे. कुंपण तुटलं असेल तर ग्रामपंचायतीने फोटोसह खाण व्यवस्थापनाला लेखी कळवावं आणि एक प्रत खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या नागपूर कार्यालयाला द्यावी.

• गिट्टी-मुरूम खदान: ही गौण खनिजं. त्यांचा कारभार जिल्हाधिकारी, जिल्हा खनिकर्म अधिकारी आणि तहसीलदारांकडे. राज्याचे २०१३ चे गौण खनिज नियम त्यांना लागू आहेत.

• पाणी तपासणी: महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रादेशिक कार्यालय चंद्रपूरला आहे. भूजल सर्वेक्षण यंत्रणेकडेही चौकशी करता येते. अहवाल लेखी मागा.

• जनसुनावणी: नवी खाण किंवा मोठी वाढ असेल तर पर्यावरण मंजुरीआधी साधारणपणे जनसुनावणी होते. नोकरी आणि मोबदला हे प्रश्न तर विचाराच, पण आणखी एक विचारा: शेवटी उरणाऱ्या खड्ड्याचं काय करणार? काठ किती उतरते करणार? पाण्यावर हक्क कुणाचा? मासेमारी, बोटिंग सुरू झालं तर जमीन गेलेल्या गावाला त्यात काय? बोललेलं इतिवृत्तात आलं का तेही तपासा.

फिरायला जायचं असेल तर हे बघा

१. ती जागा अधिकृतपणे खुली केली आहे का? तिकीट, फलक, कर्मचारी नसतील तर ती सहलीची जागा नाही.
२. पोहण्याची परवानगी वेगळी असते. बोटिंग आहे म्हणून पोहता येतं असं नाही.
३. बोटीत बसताना लाइफ जॅकेट मिळालं नाही तर बसू नका. लेकरांना त्यांच्या मापाचं जॅकेट हवं. फोटोसाठी ते काढू नका.
४. काठापासून लांब राहा. भेगा दिसल्या, माती सुटत असली तर तिथली जागा सोडा. गाडी टोकाला नेऊ नका.
५. पाणी पिऊ नका, भांडी धुऊ नका. जनावरांना पाजण्याआधीही तपासणी झाली आहे का ते बघा.
६. दारू पिऊन पाण्याजवळ जाऊ नका.
७. पावसाळ्यात आणि अंधार पडल्यावर जाणं टाळा. कुठे जाताय ते घरी सांगून निघा.

कुणी बुडत असेल तर

लगेच उडी मारू नका. वाचवायला गेलेलाही बुडतो, असं फार वेळा होतं. आधी ओरडून माणसं जमवा आणि ११२ ला फोन करा, रुग्णवाहिकेसाठी १०८. काठावर पालथं झोपून काठी, दुपट्टा, दोर पुढे करा. रिकामी पाण्याची कॅन, हवा भरलेली ट्यूब फेका.

बाहेर काढल्यावर माणूस श्वास घेत नसेल तर पोट दाबून किंवा उलटं टांगून पाणी काढत बसू नका, त्यात वेळ जातो. पाठीवर झोपवा, तोंडाने श्वास द्या आणि छातीच्या मधोमध जोराने, भराभर दाबा: ३० वेळा दाबणं, २ श्वास, पुन्हा ३० वेळा. मदत येईपर्यंत थांबू नका. शुद्धीवर आला तरी दवाखान्यात न्याच, कारण त्रास नंतरही वाढू शकतो.

शेवटी

आपल्या तालुक्यांत खाणी अजून चालू आहेत, म्हणजे असे खड्डे पुढेही उरणार. त्यातल्या काहींचा चांगला तलाव होऊ शकतो. गावाला पाणी, ढीवर बांधवांना मासेमारी, पोरांना रोजगार आणि सगळ्यांना फिरायला जागा मिळू शकते. पण ते काम खाण चालू असतानाच सुरू करावं लागतं आणि गावाने मागितलं तरच होतं. ते होईपर्यंत, कुंपणापलीकडचं पाणी कितीही निळं दिसलं तरी पोरांना तिकडे जाऊ देऊ नका. ही माहिती गावच्या ग्रुपवर, शाळेत, ग्रामसभेत नक्की सांगा.